बंदुकीचा परवाना : दिल्लीचा की पणजीचा?

सन २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम १६ मार्च रोजी जाहीर झाला, आपल्या गोव्यात मतदान ७ मे रोजी पार पडले आणि मतमोजणी ४ जून रोजी झाली. बागायतदार वाचकांस ह्या तारखांचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. काजूचा बोंडू पिकतो तो ह्याच दिवसांत आणि पावसाची पहिली सर येऊन हंगाम आटोपतो तोही ह्याच दिवसांत. नेमक्या ह्याच काळात परवान्याची बंदूक पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो, आणि निकाल लागून आठवडा उलटल्याशिवाय ती परत मिळत नाही. रानडुक्कर व माकड ह्यांस आचारसंहिता लागू नसते.

अशा वेळी मांद्र्यात काय नि पेडण्याच्या बाजारात काय, एकच प्रश्न कानी येतो : "परवान्यावर सही पणजीच्या कलेक्टरची, बंदूक ठेवून घेणारे पोलिस गोव्याचे, मग आमचे गोवा सरकार आम्हांस सूट का देत नाही?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर देशाच्या राज्यघटनेपर्यंत जाऊन पोहोचते, म्हणून आज त्याचा थोडा विचार करू.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात सत्तेची वाटणी करणाऱ्या तीन याद्या आहेत. पोलिस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि शेती हे विषय राज्यांच्या यादीत घातले आहेत. शस्त्रे, बंदुका, दारूगोळा व स्फोटके हा विषय मात्र केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर आहे. वन्य प्राण्यांचे संरक्षण हा विषय पूर्वी राज्यांकडे होता. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो दोघांच्या सामाईक यादीत गेला. आणि निवडणुकीचे नियंत्रण करणारा निवडणूक आयोग तर स्वतंत्रच. म्हणजे असे की, शेत राज्याच्या खात्यात, शेतात शिरणारे डुक्कर दोघांच्या खात्यात, ते हाकलणारी बंदूक केंद्राच्या खात्यात, आणि ती बंदूक ठाण्यात ठेवावयाची वेळ आयोगाच्या हाती! गरीब शेतकरी गोंधळला तर त्यात नवल ते काय?

आपल्याकडे लागू असलेला शस्त्र कायदा संसदेने १९५९ साली केला. त्यापूर्वीचा १८७८ चा कायदा परक्या राज्यकर्त्यांनी लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत केला होता, आणि हिंदी माणसाच्या हाती शस्त्र राहू नये हा त्याचा रोख होता. नव्या कायद्याची दृष्टी पुष्कळ उदार आहे. त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितल्यास, नाकारण्याजोगे कायदेशीर कारण नसेल तर, तो द्यावा असे तेथे म्हटले आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांस शेतकऱ्याचे स्मरणच नव्हते, असे कोणी म्हणू नये. कायदा दिल्लीचा, पण चौकशी करणारे व परवाना देणारे अधिकारी राज्यातले, अशी ही व्यवस्था आहे. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले तेव्हा पुष्कळ विषयांची सत्ता पणजीस आली. बंदुकीचा कायदा करण्याची सत्ता तेवढी आली नाही, कारण ती कोणत्याच राज्याकडे नाही.

हे असेच असावे का? ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडील वाद ऐकला असेल. तेथे संयुक्त सरकार व घटकराज्ये ह्यांच्यात बंदुकीवरून आज कित्येक वर्षे ओढाताण चालू आहे. १९९३ साली तेथील केंद्रीय कायद्याने पिस्तूल विकत घेणाऱ्याची आधी चौकशी करण्याचे काम स्थानिक पोलिस अधिकाऱ्यांवर सोपविले. मोंटाना व ॲरिझोना येथील दोन शेरीफ त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या अधिकाऱ्यास अशा कामी जुंपण्याचा अधिकार वॉशिंग्टनला नाही. आपल्याकडे असा निकाल लागणे कठीण. कारण संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीनेच राज्याने आपली सत्ता चालवावी, असे आपल्या घटनेचे २५६ वे कलम सांगते. पुढे २०१० साली त्याच अमेरिकन न्यायालयाने शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क घटकराज्यांनाही बांधून टाकला, आणि २०२२ साली न्यूयॉर्क राज्याचा जुना कडक कायदा रद्द केला. बंदूक बाळगणे हा आपल्याकडे घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, ती कायद्याने दिलेली परवानगी आहे. हा भेद ध्यानात ठेवावा.

माझे मत विचाराल तर बंदुकीचा कायदा सबंध देशास एकच असावा. शिकागो शहराचे उदाहरण पाहा. तेथील नियम कडक, परंतु गुन्ह्यांत सापडलेल्या कित्येक बंदुकांचा माग लावला असता तो परराज्यांत, विशेषतः शेजारच्या इंडियानात, जाऊन पोहोचला. आपल्या दाराशी तेरेखोल नदी आहे. पलीकडे आरोंदा महाराष्ट्रात, अलीकडचा काठ गोव्यात. नदीच्या एका काठावर एक कायदा आणि दुसऱ्या काठावर दुसरा असता, तर सैल बाजूची बंदूक कडक बाजूस यावयास होडीचीही गरज पडली नसती, पूल आहेच. सीमा ओलांडावयास कोणास परवानगी लागत नाही हे तर २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाच्या हत्तीनेही दाखवून दिले. सिंधुदुर्गातून तो थेट पेडण्याच्या शेतांत उतरला आणि दोन राज्यांच्या वनखात्यांना त्याच्यामागे धावावे लागले.

परंतु कायदा एक असावा ह्याचा अर्थ सर्वांस एकाच मापाने मोजावे असा नव्हे. खुद्द केंद्रसरकारही तसे मोजत नाही. कर्नाटकातील कोडगूच्या कोडव लोकांस व तेथील जम्मा जमीनधारकांस परवान्याच्या अटीतून इंग्रजी अमदानीपासून सूट आहे. २०१९ साली केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती वैध ठरविली. त्याच २०१९ साली शस्त्र कायदा दुरुस्त झाला. एका माणसास तीन बंदुका बाळगता येत, त्याऐवजी एकच ठेवावी असे मूळ विधेयकात होते. देशभरातून हरकती आल्या, तेव्हा दोनवर तडजोड झाली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. तात्पर्य, दिल्लीला ऐकू येते. मात्र सांगणारा पाहिजे.

आता निवडणुकीच्या आदेशाकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणूक आयोगाने १ सप्टेंबर २००९ रोजी सर्व राज्यांस सूचना पाठविल्या. सरसकट सर्वांच्या बंदुका जमा न करता जिल्हा पातळीवर छाननी समिती नेमावी, प्रत्येक परवानाधारकाचे प्रकरण निराळे तपासावे, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत, गुंतलेले अशांकडे विशेष लक्ष पुरवावे, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे ज्याच्यावर कसलाही गुन्हा नाही आणि ज्याची बंदूक केवळ पिकासाठी आहे, त्यास आपले म्हणणे समितीपुढे मांडावयास जागा आहे. सूट मिळेलच असे नाही. समितीस नकार देण्याचाही अधिकार आहे. पण न मागताच कपाळाला हात लावून बसणे शहाणपणाचे नाही. घटकराज्याचा खरा अधिकार येथे आहे : कायदा करण्याचा नव्हे, तर आपला हंगाम व आपली माणसे ओळखून तो चालविण्याचा. आपल्या आमदारांनी विधानसभेत केंद्राला दोष देण्यात जितका वेळ घालवावा, त्याच्या निम्मा जरी ह्या समितीच्या कामाकडे दिला तरी पुष्कळ होईल.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गवा, हत्ती व मोर ह्यांस सर्वांत कडक संरक्षण आहे. रानडुकराने उभे पीक नासविले तरी ते मारावयास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा अथवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. केरळने मे २०२२ मध्ये हा हुकूम देण्याचा अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला. दिल्लीशी भांडत न बसता, हाती असलेल्या सत्तेचा त्या राज्याने असा उपयोग केला. आपल्याकडे त्याचा विचार व्हावा. रात्रीच्या अंधारात हाललेल्या झुडपावर बार टाकणाऱ्यांविषयी मात्र मला सहानुभूती नाही. त्या झुडपामागे शेजारी असू शकतो. आणि बिनपरवान्याची गावठी बंदूक घरात असेल, तर तिच्यासाठी ना दिल्लीत दया आहे ना पणजीत. ती ज्याच्या घरात असेल त्या कुटुंबाने आजच वकिलाचा सल्ला घ्यावा.

विधानसभेची मागील निवडणूक १४ फेब्रुवारी २०२२ रोजी झाली आणि विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. फेब्रुवारी म्हणजे काजूला मोहोर व पहिली फळे. ज्यांस सूट हवी असेल त्यांनी आदेश निघण्याची वाट न पाहता कलेक्टरच्या नावे साधा अर्ज तयार ठेवावा. सोबत परवान्याची प्रत, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि पिकाचे नुकसान झाल्याबद्दल पूर्वी कृषी खात्याकडे केलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेण्यास विसरू नये.