भंगारातलं टिपाड आणि गोठ्यातलं पाणी

वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या आसपास तुमचं गाव असेल, तर भंगारवाल्याकडून आणलेलं निळं टिपाड तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्यात असणारच. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला नवं टिपाड कुठून परवडणार? जुनं आणायचं, सोड्यानं दोनदा धुवायचं, वास गेला की त्यात गुरांचं पाणी नाहीतर भिजवलेली सरकी. यात तुम्हाला दोष द्यायचा नाही. पण त्यात आधी काय होतं, हे विकणाऱ्याला कधी विचारलंत?

रंगाचे, औषधांचे, सुट्या भागांचे कारखाने म्हटले की थिनर आणि त्याच्या जातीची द्रावकं आलीच. टोल्युइन, झायलीन ही त्यांतली नावं. प्लास्टिक ती पिऊन घेतं आणि नंतर भरलेल्या पाण्यात हळूहळू सोडतं. म्हणून वरून धुऊन भागत नाही. ही द्रावकं चरबीत चटकन मुरतात, आणि मेंदूत चरबी भरपूर. गाभण गाईच्या पोटातल्या वासरापर्यंतही ती पोचू शकतात.

फवारणीचं औषध पोटात गेलेलं जनावर तुम्ही पाहिलं असेल. लाळ गळते, अंग थरथरतं. तिथं मज्जातंतूंचा निरोप नेणारं रसायन मोडायची व्यवस्थाच बंद पडते. डॉक्टर धावत येऊन ॲट्रोपिन टोचतात. द्रावकांचा घाव त्याच जागी, निरोपाच्या रसायनांवर, पण बराचसा गुपचूप. टोल्युइन हुंगवलेल्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन वाढतं. रुमालावर थिनर ओतून हुंगणारी पोरं त्यातून सुटत नाहीत, त्याचं एक कारण हेच. कार्बन डायसल्फाइड डोपामिनपासून पुढचं नॉरॲड्रेनॅलिन बनूच देत नाही. ट्रायक्लोरोइथिलीन हे धातूवरचं ग्रीस काढायचं द्रावक. ते सहा आठवडे पोटातून दिलेल्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेल्या. अमेरिकेतल्या लेज्यून लष्करी तळावर वर्षानुवर्षं पिण्याच्या पाण्यात हेच होतं. तिथं राहिलेल्या सैनिकांत कंपवाताचा धोका सत्तर टक्क्यांनी जास्त असल्याचं 2023 साली प्रसिद्ध झालं.

आता कोणी म्हणेल, उंदराला दिलेला डोस कुठं आणि बैलाचं पाणी कुठं! खरं आहे, प्रयोगातली मात्रा मोठी असते. पण प्रयोगात ती मोजलेली तरी असते. गोठ्यात मोजतो कोण? झोकांड्या खाणारी, सुस्तावलेली म्हैस दिसली की आपण लागलेल्या चाऱ्याला नाहीतर उन्हाला बोल लावून मोकळे होतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत रसायनांनी बाटलेली रिकामी पिंपं घातक कचरा म्हणूनच नोंदलेली आहेत. ती परवानगी असलेल्या ठिकाणीच साफ व्हायची आणि त्यांचा हिशेब राहायचा. मग ती आठवडी बाजाराच्या वाटेवर विकायला कशी येतात? प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आपल्याच शहरात आहे. ग्रामसभेनं ठराव करून त्याला हे लेखी विचारावं. शेतकऱ्याला दंडाची भीती घालण्याआधी पिंप विकणाऱ्या दारापर्यंत जा, एवढंच आपलं म्हणणं.

तोवर लेबल खरवडलेलं टिपाड गुरांच्या पाण्याला वापरू नका. पाण्याचा संशय आलाच तर नमुना कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेऊ नका. द्रावक उडून जातं आणि अहवाल कोरा येतो. प्रयोगशाळेकडून घट्ट झाकणाची काचेची कुपी मागून घ्या, हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून न्या. साध्या तपासणीतला सीओडीचा आकडा पाण्यात घाण किती ते सांगतो, कोणतं द्रावक आहे ते नाही. म्हणून अर्जात द्रावकांची नावं घालून तपासणी मागा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.