टेनिसचा प्रेक्षक आणि त्याचा वाटा

चुडाव्यासारख्या गावात राहून टेनिसचे वेड बाळगणारा मनुष्य हा थोडासा थट्टेचाच विषय असतो. पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले हे लहान स्टेशन. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या भावाची चर्चा चालणाऱ्या गावात टायब्रेकची चर्चा करणार कोणाशी? ज्या खेळाची रॅकेट आपण कधी हाती धरली नाही तो पाहण्यात कसला आनंद, असे सुशिक्षित मंडळीही विचारतात. वस्तुतः गाणे ऐकणाऱ्याला गाता आलेच पाहिजे, असा आग्रह आपण कधी धरीत नाही. मग टेनिसच्या रसिकालाच ही अट का?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर हा खेळ विशेष आवडावा. यात सर्व गुणांची किंमत सारखी नसते. ४०-० अशा स्थितीत गमावलेला गुण कोणी लक्षातही ठेवीत नाही; ड्यूसनंतरचा एक गुण मात्र तासाभराची कमाई बुडवतो. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण मिळविले, जोकोविचने २०४. तरीही चषक जोकोविचचा! पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी आणि हाती स्वतःची सर्व्हिस असताना फेडररला विजयासाठी लागोपाठ दोन संधी मिळाल्या आणि दोन्ही हुकल्या. सीमान्त उपयोगितेचे प्रकरण शिकविताना याहून चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही. शिवाय या खेळाला घड्याळ नाही. आघाडी घेऊन वेळ काढीत बसण्याची सोय येथे नाही. शेवटचा गुण जिंकावाच लागतो. तो सामना चार तास सत्तावन्न मिनिटे चालला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची क्षणचित्रे पाहणाऱ्याला फटके दिसतात, पण त्या फटक्यांमागे साचलेला ताण दिसत नाही. टेनिस संपूर्ण आणि त्या त्या क्षणीच पाहावे लागते.

नेमके हेच ग्रामीण प्रेक्षकाला कठीण झाले आहे. महाराष्ट्राला मध्यंतरी एक संधी लाभली होती. चेन्नईची जुनी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याला बालेवाडीत आली आणि ‘महाराष्ट्र ओपन’ या नावाने, महासाथीमुळे हुकलेले २०२१ सोडल्यास, २०२३ पर्यंत चालली. २०१९ चा तेथील अंतिम सामना केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला कार्लोविच अगदी थोडक्यात हरला. २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार यांनी तेथे दुहेरीचे विजेतेपद मिळविले. मराठवाड्यातून रात्रभराचा प्रवास करून का होईना, हा खेळ डोळ्यांनी पाहता येत होता. २०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यातून गेली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले हिने बोपण्णासमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मैदान गेले, आता उरला पडदा. त्यालाही वर्गणीचे कुंपण. एकाने भाकरी खाल्ली तर ती दुसऱ्याला उरत नाही, म्हणून भाकरीला किंमत लावणे समजते. सामना एका घरात पाहिल्याने शेजारच्या घरातील सामना कमी होत नाही. प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणाऱ्याने कोट्यवधी रुपये मोजलेले असतात हे मान्य. पहिल्या फेऱ्यांसाठी त्याने खुशाल पैसे घ्यावेत. परंतु राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे संकेत प्रसारभारतीला देण्याचे बंधन घालणारा कायदा २००७ सालीच झाला आहे आणि अशा प्रसंगांत टेनिसचीही गणना होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानुसार हे संकेत दूरदर्शनच्या स्वतःच्या भूप्रक्षेपणावर आणि डीटीएच सेवेवरच दाखविता येतात. तेवढी मर्यादा असली तरी खेड्यातील छपरांवरच्या मोफत छत्र्यांना ती आड येत नाही.

प्रश्न भाषेचाही आहे. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील मराठी समालोचनाने क्रिकेटला मराठी कान मिळवून दिले. मैदान न पाहिलेल्या माणसालाही खेळ ‘दिसू’ लागला. टेनिसला असा समालोचक लाभला नाही. ड्यूस म्हणजे काय, सर्व्हिस मोडण्याला एवढे महत्त्व का, हे कोणी मराठीतून दोन सामने नीट समजावून सांगितले, तर तिसऱ्या सामन्याला प्रेक्षक आपणहून बसेल. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण असेच बसू लागले आहेत. त्यांतील एकाला तर आता माझी मते जुनाट वाटतात.

तेव्हा चार प्रमुख स्पर्धांचे अंतिम सामने तरी सह्याद्री वाहिनीवरून मराठी समालोचनासह दाखवावेत, ही मागणी अवाजवी ठरू नये. विम्बल्डनचे एकेरीचे अंतिम सामने २०२५ पासून आपल्याकडील रात्री साडेआठला सुरू होऊ लागले आहेत. जुलैच्या त्या सुमारास खुरपणी-कोळपणीची माणसे शेतातून घरी परतलेली असतात आणि जेवणेही आटोपलेली असतात.