घरांतील संगीत आणि विजेची घरघर

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार वरचेवर दिसते. घरांत इंटरनेटवरून गाणें ऐकण्याची उत्तम सोय केली; प्लेअर, अँप्लिफायर, स्पीकर सर्व चांगल्या प्रतीचें घेतलें; परंतु गाणें थांबलें कीं मागें एक बारीक घरघर ऐकूं येते, आणि ती कोठून येते याचा थांग लागत नाहीं. कांहीं वाचकांनीं हजारों रुपयांच्या वायरी घेऊन पाहिल्या, आणि यापुढें कोणती घ्यावी असें आम्हांस विचारलें आहे. कोणतीहि घेऊं नये, हें आमचें उत्तर. परंतु तेवढ्यानें कोणाचें समाधान होणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. म्हणून एरंडवण्यांतील एका परिचित कुटुंबांत घडलेली हकीगत सांगतों. ती छापण्यास त्यांनीं आनंदानें संमति दिली. नांवें मात्र देऊं नयेत, एवढीच त्यांची इच्छा.

जुना बंगला पाडून त्या जागीं या मंडळींनीं तीन मजली घर बांधलें, त्यास बरींच वर्षें झालीं. स्वयंपाकघर अजून एकच आहे. मधल्या मजल्यावर मागील अंगास, रस्त्याच्या गोंगाटापासून दूर, आत्याबाईंची खोली. आत्याबाई ७९ वर्षांच्या. तरुणपणीं त्यांनीं रीतसर तालीम घेतली होती आणि अजूनहि पहाटेचा तासभर रियाज त्यांनीं सोडलेला नाहीं. लांकडी तंबोरा मांडीवर पेलवेनासा झाला, तेव्हां भाच्याच्या मुलानें इंटरनेटवरून तंबोऱ्याचा ध्वनि येईल अशी व्यवस्था त्यांच्या खोलींत करून दिली. पट्टी पांढरी पांच.

पहिल्याच आठवड्यांत आत्याबाई म्हणाल्या, "अरे, हा खर्ज हलतो आहे. बसल्या जागीं डुलतोय."

"आत्याआजी, यंत्राचा तंबोरा आहे तो. तो उतरत नाहीं कीं चढत नाहीं."

"तें मला सांगूं नकोस. माझ्या कानांना कळतंय."

घरांत दुसऱ्या कोणासहि तें कळत नव्हतें. मग जें व्हावयाचें तेंच झालें. आत्याबाईंचें वय झालें, कान गेले, असें सर्वांनीं एकमेकांशीं हळू आवाजांत बोलून घेतलें. कानाच्या डॉक्टरांकडे त्यांस नेण्यांत आलें. तपासणींत उंच स्वर कमी ऐकूं येतात असें निघालें, आणि घरच्या मंडळींचा ग्रह दृढ झाला. वास्तविक वार्धक्यांत प्रथम उंच स्वरच जातात. खालचे स्वर पुष्कळ दिवस टिकतात, आणि आत्याबाईंची तक्रार खर्जाविषयीं होती. पण हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. आत्याबाईंनीं तक्रार करणें सोडलें. पुढें त्यांनीं पहाटे यंत्र लावणेंहि सोडलें.

मुलाच्या मनास मात्र तें लागलें. त्यानें एका जाणत्या म्हणविणाऱ्याच्या सल्ल्यानें तळमजल्यावरून वर येणारी नेटवर्कची वायर बदलली. नवी वायर दुहेरी धातूच्या आवरणाची, वरून रेशमी विणीची, दोन्ही टोकांस चकचकीत धातूचे प्लग. किंमत एखाद्या बऱ्या शालूइतकी. घरघर कमी झाली नाहीं, किंचित् वाढलीच. तेव्हां आणखी एकानें सुचविलें कीं, अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाक. त्यानें ती कापली, आणि घरघर थांबली! घरांत मोठा आनंद झाला. आत्याबाई पुन्हां पहाटे गाऊं लागल्या. पंधरा दिवसांनीं स्नान करून ओलसर हातानें अँप्लिफायरचें बटण लावतांना त्यांच्या बोटांस झिणझिण्या आल्या. त्या दिवशीं आम्हांस बोलावणें आलें.

आम्हीं प्रथम तो प्लग फेकून देऊन नवा तीन पिनांचा प्लग बसवून घेतला. घरघर अर्थातच परत आली. मग आत्याबाईंस खुर्चीवर बसवून तंबोरा लावला, आणि तो चालू असतांनाच प्लेअरमधील नेटवर्कची वायर उपसून काढली. प्लेअर पुढील कांहीं सेकंदांचें गाणें आधींच आपल्यापाशीं जमवून ठेवतो. त्यामुळें वायर निघाली तरी तंबोरा वाजतच राहिला. घरघर मात्र त्याच क्षणीं नाहींशी झाली. आत्याबाईंनीं हात वर केला. "आतां लागला खर्ज!" त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें साठा संपून तंबोरा थांबला. पण जें समजावयाचें तें समजलें होतें. घरघर गाण्यांत मिसळून आलेली नव्हती. गाणें एका वाटेनें येत होतें आणि घरघर त्याच वायरीच्या अंगानें, पण निराळ्या वाटेनें येत होती.

येथें एका समजुतीचा निरास केला पाहिजे. पुष्कळांस असें वाटतें कीं वायर हलक्या प्रतीची असली तर तींतून येणारें गाणेंहि मळकट होतें. ग्रामोफोनच्या किंवा जुन्या रेडिओच्या बाबतींत तें कांहींसें खरें असे. परंतु नेटवर्कवरून गाणें येत नाहीं, अंक येतात, आणि त्यांच्या लहान लहान पुड्या बांधलेल्या असतात. आपल्याकडील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. ज्यांस तिची आठवण असेल त्यांस हेंहि आठवेल कीं, तारेच्या आरंभीं शब्दसंख्या कळविलेली असे. संख्या जुळली नाहीं तर तारबाबू मजकूर पुनः मागवी. तसाच प्रत्येक पुडीबरोबर एक पडताळा असतो. तो जुळला नाहीं तर ती पुडी टाकून देऊन दुसरी मागविली जाते. म्हणजे पुडी एक तर जशीच्या तशी पोंचते, नाहीं तर पोंचतच नाहीं. वायरींत फारच बिघाड असला तर गाणें अडखळेल, थांबेल. पण त्याचा पंचम कोमट किंवा खर्ज मधुर होणार नाहीं. महाग वायरीच्या जाहिरातींत जें मार्दव विकलें जातें, तें या पुड्यांत राहण्यास जागाच नाहीं.

मग घरघर आली कशी? या घरांत दोन अर्थिंग आहेत. तळमजल्यावरील जुनें, बंगल्याच्या वेळचें. वरच्या मजल्यांचें नवें. दोन ठिकाणीं जमिनींत गाडलेल्या पट्ट्यांमध्यें थोडासा तरी विद्युत्-दाबाचा फरक असतोच. खालीं लोखंडी पेटींतला नेटवर्कचा स्विच जुन्या अर्थिंगला जोडलेला, वर अँप्लिफायर नव्या अर्थिंगला, आणि दोहोंच्या मध्यें धातूच्या आवरणाची ती वायर. आवरण दोन्ही टोकांस जोडलेलें असल्यामुळें वर्तुळ पुरें झालें, आणि त्यांतून प्लेअरच्या व अँप्लिफायरच्या अंगावरून सतत थोडी वीज वाहूं लागली. पिन कापली तेव्हां हें वर्तुळ तुटलें. रोग गेला, पण घराचें दार काढून ठेवून. आंत एखादी तार सुटून पत्र्यास लागली असती तर ती वीज जमिनींत न जातां आत्याबाईंच्या देहांतून गेली असती. तीन पिनांपैकीं ती पिन जाड व लांब मुद्दामच केलेली असते, कीं इतर दोन पिनांच्या आधीं ती जोडली जावी व त्यांच्या नंतर सुटावी. संगीताच्या पायीं तिला हात लावणें हा शुद्ध वेडेपणा होय, आणि असा सल्ला देणाऱ्यास घरांत घेऊं नये.

उपाय झाला तो असा. ती रेशमी वायर काढून साधी, धातूचें आवरण नसलेली, प्लास्टिकच्या प्लगची वायर घातली. अशा वायरीच्या दोन्ही टोकांस, यंत्रांच्या पोटांत, लहानशीं रोहित्रें असतात. अंकांचे झटके तीं पलीकडे पोंचवितात, परंतु एका बाजूचें अर्थिंग दुसऱ्या बाजूशीं जोडलें जाऊं देत नाहींत. १५०० व्होल्टचा दाब मिनिटभर सोसण्याइतका हा आडपडदा भक्कम असावा असा या यंत्रांविषयींचा नियमच आहे. म्हणजे चांगला उपाय यंत्रांत मुळांतच होता. महाग वायरीच्या धातूनें तो निकामी केला होता.

आतां आत्याबाईंच्या कानांविषयीं. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आंदोलनें करते. ती सरळ करून घेणारीं यंत्रें प्रत्येक आंदोलनांत दोनदां वीज ओढतात, म्हणून तिचा दुप्पट, म्हणजे १०० आंदोलनांचा स्वर घरघरींत ठळक असतो. लहान स्पीकरांतून ५० चा स्वर नीटसा निघतहि नाहीं. १०० चा निघतो. पांढरी पांचमध्यें मिळविलेल्या तंबोऱ्याचा षड्ज १९६ आंदोलनांचा, आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ९८ चा. अठ्ठ्याण्णव व शंभर! दोन स्वर इतके जवळ आले कीं ते एकमेकांस सेकंदांतून दोन वेळां दाबतात व उचलतात. वाद्य मिळवितांना तारांतून ऐकूं येणारी जी थरथर, ती हीच. आत्याबाई तिला डुलणें म्हणत होत्या. अंतर अर्ध्या स्वराच्या एक-तृतीयांशाहून थोडें अधिक. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींवरील आपला ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या श्रुतिसंशोधनास अब्दुल करीम खां यांचें साहाय्य होतें, आणि याच खांसाहेबांनीं १९१३ सालीं पुण्यांत आर्य संगीत विद्यालय काढलें. ज्या शहरांत असे कान होऊन गेले, तेथें एका वृद्ध गायिकेचें म्हणणें निदान तपासून पाहावयास हवें होतें. आम्हीं हें गणित कागदावर मांडून दाखविलें तेव्हां घरांतील मंडळी बराच वेळ गप्प होती. थोरले भाचे उठून आत्याबाईंच्या पायां पडले. त्यांनीं मात्र, "पुरे, चहा टाका आतां," एवढेंच म्हटलें.

विजेच्या गोंगाटाशीं झगडणारें एक मोठें ठिकाण आपल्याच जिल्ह्यांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरवर, नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. त्या टापूंत मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता, हें जागा निवडण्याचें एक कारण. तरीसुद्धां उच्च दाबाच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा उपद्रव तेथें होतो व तो गाळून काढण्याच्या युक्त्या शास्त्रज्ञांस योजाव्या लागतात. तेथील गोंगाट रेडिओ-लहरींचा, आपला अर्थिंगच्या वर्तुळाचा. दोहोंची जात एक नव्हे. पण तेथील एक सोय आपणांस घेण्यासारखी आहे. तबकड्यांकडून येणारे संकेत मुख्य इमारतींत आणले जातात ते कांचेच्या तंतूंवरून. कांचेंतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं. त्यामुळें वर्तुळ पुरें होण्याचा प्रश्नच उरत नाहीं. घरीं साध्या वायरीनें भागलें नाहीं तर प्लेअरच्या आधीं असा कांचतंतूचा एखादा मीटरभर तुकडा, दोन बाजूंस दोन लहान डब्या लावून, घालतां येतो. वाय-फायनेंहि तेंच साधतें. मात्र पेठांतील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड त्याचा जोर पडत नाहीं.

ज्यांच्या घरीं अशीच घरघर आहे त्यांनीं कांहीं विकत घेण्यापूर्वीं एक सुटीची दुपार खर्च करावी. अँप्लिफायरला जोडलेल्या सर्व वायरी काढाव्या, जोडतांना व काढतांना तो बंद ठेवावा, आणि एकेक वायर परत लावून ऐकावें. टेलिव्हिजनचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर प्रथम संशय त्याच्या छपरावरून येणाऱ्या केबलवर घ्यावा; निम्म्या तक्रारी तेथेंच मिटतात असा आमचा अनुभव आहे. संगीताचीं सर्व यंत्रें एकाच भिंतीवरील एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीं. आवाज घरघरीचा नसून बारीक करकरीचा किंवा शिटीसारखा असला, तर तो बहुधा हलक्या चार्जरचा. लॅपटॉप चार्जिंगला लावला असतां त्याच्या धातूच्या अंगास हात लागून मुंग्या येतात, त्याचें कारण चार्जरमधून झिरपणारी हीच थोडीशी वीज. असे चार्जर हुडकून काढण्यास घरांतला जुना ट्रान्झिस्टर कामास येतो. मीडियम वेव्हवर स्टेशन नसेल अशा जागीं कांटा ठेवून तो चार्जरांजवळून व एलईडी दिव्यांजवळून फिरवावा. अपराधी जवळ येतांच तो खरखरूं लागतो. मुलांस हा खेळ फार आवडतो.

घरांत अर्थिंगच नसेल, किंवा आहे कीं नाहीं याची शंका असेल, तर तें परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसविलेला नसल्यास तोहि बसवून घ्यावा. हें काम संगीताच्या आधींचें आहे. एरंडवण्याच्या घरीं दोन्ही अर्थिंग आतां एकत्र जोडून घेतलीं आहेत. रेशमी वायर टाकवत नाहीं म्हणून ती गच्चीवर कारल्याच्या वेलास आधाराला बांधली आहे, आणि आमच्या मतें तिची योग्यता तेवढीच होती.