‘वावडे’ आणि बुफे : सुटीच्या पॅकेजमधील न विचारलेला प्रश्न

पातूर (जि. अकोला), प्रतिनिधी : वार्षिक परीक्षा संपत आल्या की पातूरसारख्या तालुक्याच्या गावातील सहलीच्या गप्पा आता पूर्वीप्रमाणे शेगाव, चिखलदरा येथेच थांबत नाहीत. खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ २०१३ मध्ये सुरू झाले, त्याला लागून असलेले हॉटेल २०१५ मध्ये आले. शिर्डी आणि लोणावळ्यातही जलउद्याने उभी राहिली. अकोल्याहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, सकाळी कल्याण गाठायचे आणि तेथून पुढे निघायचे, हा बेत अनेक घरांत ठरू लागला आहे. खोली, उद्यानाचा प्रवेश, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण यांचा एकच दर मोबाइलवर दिसतो. त्यातील ‘जेवणासह’ हा शब्द बहुतेकांना सोयीचा वाटतो. परंतु ज्या घरातील मुलाला शेंगदाणा, काजू, दूध किंवा अंडे यांची ॲलर्जी आहे, त्या घरासाठी संपूर्ण पॅकेजमधील सर्वांत जोखमीचा शब्द हाच असतो.

अशा कुटुंबांची संख्या फार नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. कर्नाटकातील एका सर्वेक्षणात प्रौढांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण सुमारे १.२ टक्के आढळले होते, शालेय मुलांत तर ते याहून बरेच कमी निघाले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत. मात्र नेमके याच कारणामुळे हॉटेलच्या मुदपाकखान्यात हा विषय क्वचितच निघतो आणि निघाला तरी तो समजून घेणारा माणूस भेटेलच, याची शाश्वती नसते.

पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत यासाठी ‘वावडे’ हा जुना आणि नेमका शब्द होता. परंतु रोजच्या वापरात तो नावडीच्या अर्थानेही चालतो. वांग्याचे वावडे असणाऱ्या माणसाला वांगे सोसत नाही की नुसते आवडत नाही, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘मुलाला शेंगदाणे चालत नाहीत’ असे वाढप्याला सांगितले, तर तो उपवास, पथ्य किंवा नावड यांपैकी काहीतरी समजतो आणि पोह्यांवरचे दाणे चमच्याने बाजूला काढून तीच बशी पुढे करतो. ‘दूध चालत नाही’ या वाक्याचेही तसेच. दुधातील साखर न पचल्याने पोट बिघडणे आणि दुधातील प्रथिनांमुळे श्वास कोंडणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चहातल्या चमचाभर दुधाने सहसा काही बिघडत नाही. दुसरीत तेवढेही पुरते.

दुसरी अडचण कायद्याची. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये लेबलिंग आणि माहिती प्रदर्शनाचे जे विनियम केले, त्यांतील उपाहारगृहांसंबंधीच्या तरतुदी १ जुलै २०२२ पासून अमलात आल्या. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या व्यावसायिकांनी पदार्थाच्या उष्मांकांबरोबरच त्यातील ॲलर्जीकारक घटकही नमूद करावेत, असे त्यात म्हटले आहे. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व काजू-बदामादी कवचफळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणापुढील सल्फाइट अशी ती यादी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने साखळी उपाहारगृहांसाठी असाच कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये केला, म्हणजे कागदावर भारत तीन वर्षे पुढे राहिला. कागदावर, हा शब्द येथे महत्त्वाचा.

कारण नियमाची भाषा मेनूकार्ड, फलक वा पुस्तिका यांची आहे. रिसॉर्टमधील जेवण मात्र बुफे पद्धतीचे असते. तेथे पाहुण्याच्या हाती मेनूकार्ड येतच नाही. भांड्यासमोर ‘व्हेज कोल्हापुरी’ एवढी पाटी असते. मोफत ठेवलेल्या चटण्या, लोणची, कोशिंबिरी यांना नियमातूनच सूट आहे. वऱ्हाडी माणसाला वेगळे सांगायला नको की, शेंगदाण्याचा कूट प्रामुख्याने सापडतो तो याच ठिकाणी. पाहुण्याच्या विनंतीवरून बदलून दिलेल्या पदार्थांनाही सूट आहे. म्हणजे ज्या क्षणी आई-वडील ‘आमच्यासाठी वेगळे करून द्या’ असे म्हणतात, त्या क्षणी ते नियमाच्या कक्षेबाहेर जाऊन आचाऱ्याच्या भरवशावर येतात. शिवाय तीळ आणि मोहरी भारताच्या यादीत नाहीत. युरोपीय संघाच्या चौदा घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश केला. ज्या देशात फोडणी मोहरीवाचून होत नाही, तेथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

हॉटेलच्या स्वयंपाकघराचे काम कसे चालते, हे समजल्याखेरीज धोका नेमका कोठे आहे हे कळत नाही. पंजाबी पद्धतीच्या दहा भाज्या दहा वेगवेगळ्या पातेल्यांत जन्माला येत नाहीत. दोन-तीन मूळ ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेल्या असतात. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आणि मगज असतात. शाही पनीर, मलाई कोफ्ता, नवरत्न कुर्मा हे सारे तिचेच अवतार. काजू महाग म्हणून शेंगदाण्याची पेस्ट घालणारे आचारीही आहेत. कढई एकच असते, त्यामुळे अंडे घोळवून तळलेल्या कटलेटनंतर त्याच तेलात बटाट्याच्या काचऱ्या पडतात. बुफेच्या टेबलावर चमचे या भांड्यातून त्या भांड्यात फिरतात. मुलांच्या गर्दीत तर हमखास. गव्हाचे वावडे असणाऱ्यांसाठी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही : बाजारातील बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आमटीत गहू नाही, असे आचारी प्रामाणिकपणे सांगतो, पण फोडणीत तो पडलेला असतो.

हे सगळे वेगळे ठेवणे भारतीय हॉटेलांना अशक्य आहे काय? मुळीच नाही. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण, बटाटा वगळून वेगळे पातेले, वेगळा झारा आणि वेगळे टेबल ठेवण्याची पद्धत राज्यातील मोठ्या हॉटेलांत रुळलेली आहे. शाकाहारी-मांसाहारी भांडी वेगळी ठेवली जातात, उपवासाचे पदार्थ वेगळे शिजतात. जी शिस्त श्रद्धेसाठी पाळली जाते, ती जिवासाठी पाळणे हा कौशल्याचा नव्हे, मागणीचा प्रश्न आहे. म्हणूनच चौकशी करताना ‘शेंगदाणे नसलेले पदार्थ आहेत का’ यापेक्षा ‘जैन जेवण जसे वेगळ्या भांड्यांत करता, तसे या मुलाचे कराल का’ असे विचारलेले आचाऱ्याला चटकन उमगते. मात्र धार्मिक खुणांवर विसंबणे घातक ठरू शकते. वेष्टनावरील हिरवा ठिपका दूध, काजू, शेंगदाणा यांपैकी कशालाही अडवत नाही. आणि उपवासाची साबुदाणा खिचडी ही शेंगदाण्याचे वावडे असणाऱ्या मुलासाठी बुफेतील कदाचित सर्वांत वाईट निवड आहे.

परदेशात तरी सारे आलबेल आहे, असा समज असल्यास फ्लोरिडातील घटना आठवावी. तेथील डिस्ने उद्यानांत ॲलर्जीसाठी स्वतंत्र मेनूकार्डे मिळतात, त्यासाठी ती नावाजलेली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये डिस्नेच्याच परिसरातील, परंतु स्वतंत्र मालकाकडून चालविल्या जाणाऱ्या एका उपाहारगृहात जेवल्यानंतर न्यूयॉर्कच्या एका डॉक्टर महिलेचा मृत्यू झाला. दूध आणि कवचफळांच्या ॲलर्जीची कल्पना वाढप्याला वारंवार दिली होती व पदार्थ सुरक्षित असल्याची ग्वाही मिळाली होती, असे तिच्या पतीने दाव्यात म्हटले. कंपनीने सुरुवातीला, पतीने पूर्वी घेतलेल्या चित्रवाहिनीच्या वर्गणीतील अटींचा आधार घेऊन हा दावा न्यायालयाऐवजी लवादाकडे न्यावा, अशी मागणी केली. जगभर टीका झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ती मागे घेण्यात आली. ती महिला स्वतः डॉक्टर होती आणि जवळचे इंजेक्शनही तिने टोचून घेतले होते, हा तपशील तोंडी आश्वासनाची किंमत सांगण्यास पुरेसा आहे.

तेव्हा रिसॉर्ट निवडताना तारांकन, तलाव, झोपाळे यांच्याआधी जेवणाची पद्धत पाहावी लागते. बुकिंगच्या अर्जातील ‘विशेष विनंती’ची चौकट भरणे म्हणजे सोय झाली, असे नव्हे, ती केवळ विनंती असते आणि मुदपाकखान्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. आरक्षण कक्षातील मुलगा शेकडो किलोमीटर दूर दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्यापेक्षा हॉटेलला थेट दूरध्वनी करून, दुपारी तीन ते पाचच्या निवांत वेळेत, मुख्य आचाऱ्याशी बोलणे आणि ठरलेले सारे ई-मेलवर लिहून मागणे उपयोगाचे. उत्तर देताना जो आचारी ‘काळजीच करू नका’ म्हणतो, त्याच्यापेक्षा ‘ग्रेव्हीच्या भाज्या देता येणार नाहीत, वरण-भात आणि तव्यावरची भाजी स्वतंत्र करून देऊ’ असे सांगणारा अधिक विश्वासाचा. मे महिन्यातील शनिवार-रविवारी, दिवाळीच्या गर्दीत अशी सोय मागणे व्यर्थ. आडवारी तोच आचारी दहा मिनिटे देऊ शकतो. पॅकेज स्वस्त पडत असले तरी जेवण वगळून केवळ खोली घेणे, खोलीत शेगडी वा छोटे स्वयंपाकघर असलेली जागा शोधणे हा पर्याय अनेकदा शहाणपणाचा ठरतो. बुफेच घ्यावा लागला तर दालन उघडताच, चमचे फिरण्याआधी मुलाचे ताट वाढून घ्यावे.

या दृष्टीने पाहता जुन्या वळणाची शेगावची सहल अधिक निर्धास्त होती, हे गमतीचे वाटले तरी खरे आहे. तेथे मोजके पदार्थ असत आणि प्रत्येकात काय पडले आहे, हे वऱ्हाडातील कोणत्याही आईला चव न घेताही सांगता येई. नव्या रिसॉर्टमधील साठ पदार्थांच्या मेजवानीत अनोळखी पदार्थच अधिक. निवडीची श्रीमंती वाढली, तशी माहिती कमी झाली.

एवढी काळजी घेऊनही चूक घडू शकते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, घशात घरघर, अंग गळून जाणे ही लक्षणे काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. अशा वेळी आपल्याकडे सिट्रिझिनची गोळी देऊन वाट पाहण्याची सवय आहे. त्या गोळीने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. तीव्र प्रतिक्रियेत पहिले औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत, आणि तेही लगेच. परदेशात त्याचे पेनासारखे तयार इंजेक्शन सर्रास मिळते. भारतात ते सहज उपलब्ध नाही. साधी ॲड्रेनलिनची कुपी मात्र स्वस्त आहे. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने मात्रा किती, ती कशी भरायची, हे निघण्यापूर्वी पातूर किंवा अकोल्यातील बालरोगतज्ज्ञांकडून लिहून आणि शिकून घ्यावे लागते. पाचशे किलोमीटरवर आपला डॉक्टर नसतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पण ती येण्यास लागणारा वेळ आणि जवळच्या रुग्णालयाचे अंतर हे प्रश्न हॉटेललाच आधी विचारलेले बरे. बरे वाटल्यावरही काही तास रुग्णालयात थांबावे लागते, कारण दुसरी लाट येऊ शकते.

हॉटेलने लेखी दिलेला शब्द मोडला, तर दाद मागण्यासाठी रायगड वा मुंबईला खेटे घालण्याची गरज आता उरलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. पातूरच्या कुटुंबासाठी तो अकोल्यात आहे. तेथे उपयोगी पडेल तो ई-मेल आणि पावती. फोनवरील गोड बोलणे नव्हे.

उरतो डब्याचा प्रश्न. घरून नेलेली ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी हा अशा मुलासाठी सर्वांत खात्रीचा आहार. परंतु बहुतेक थीम पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते. २०१८ च्या जुलैत नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने चित्रपटगृहांतील अशा बंदीविरोधात घोषणा केली होती. पुढे उच्च न्यायालयात मात्र त्याच सरकारने सुरक्षेचे कारण पुढे करून वेगळा सूर लावला. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहे ही खासगी मालमत्ता असल्याने त्यांना बाहेरचे खाणे रोखता येईल, असे स्पष्ट केले. पिण्याचे पाणी मोफत द्यावे आणि तान्ह्या बाळाचा आहार अडवू नये, एवढा अपवाद ठेवला. खासगी मालमत्तेचा तोच तर्क उद्यानांच्याही कामी येतो. आठ वर्षांचा मुलगा तान्हा नसतो आणि ॲलर्जी त्या अपवादात बसत नाही. काही व्यवस्थापने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून डबा आत सोडतात, काही सोडत नाहीत; आणि ज्यांच्या नियमपुस्तिकेत याविषयी अक्षरही नाही, तेथे निर्णय करतो तो सकाळी दहाच्या रांगेत पिशव्या तपासणारा प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षक.