धूमकेतू टळला, श्रेय कोणाचे?

विज्ञानकथेवर आधारलेला चित्रपट म्हणजे परग्रहावरील प्राणी, उडत्या तबकड्या आणि डोळे दिपविणारा यंत्रांचा लखलखाट, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. मुलांनी सुटीत पाहावा आणि मोठ्यांनी विसरून जावा, एवढीच त्याची योग्यता मानली जाते. ही समजूत बरोबर नाही. मनुष्य कशावर विश्वास ठेवतो, का ठेवतो आणि तो विश्वास केव्हा सोडावयास तयार होतो, हा प्रश्न पुराणपटाने फारसा विचारला नाही आणि सामाजिक चित्रपटाने क्वचितच विचारला. तो विचारण्याची खरी सोय विज्ञानपटात आहे. आपण ती कितपत वापरली, याचा हिशेब एकदा मांडावयास हवा.

आरंभ घरच्याच उदाहरणाने करू. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून डॉ. जयंत नारळीकर यांनी विज्ञानकथेच्या क्षेत्रात पाऊल टाकले. पुढे त्यांनी लिहिलेल्या ‘धूमकेतू’ या कथेवर चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने हिंदी चित्रपट काढला. कथेतील हौशी खगोलनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळणार, असे गणित सांगते. देशोदेशीचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अणुस्फोट घडवून धूमकेतूची वाट बदलण्याची योजना आखतात. इकडे निरीक्षकाच्या घरी अनिष्ट टळावे म्हणून यज्ञ मांडला जातो. धूमकेतू टळतो, आणि घरच्यांच्या लेखी त्याचे श्रेय यज्ञाला जाते.

या कथेचे मर्म यज्ञाची थट्टा करण्यात नाही. उपाय दोन झाले आणि फळ मात्र एकच मिळाले. मग ते कोणत्या खात्यावर जमा करावयाचे, हा तिचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न रोज उभा राहतो. एखादी योजना जाहीर झाली, त्यानंतर भाव उतरले. तेव्हा ते योजनेमुळे उतरले काय? ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांतील अंतर विद्यार्थ्याच्या मनावर ठसविण्यात अर्धे वर्ष जाते. आपल्या पूर्वजांना हे अंतर ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी ‘काकतालीय न्याय’ हा शब्दप्रयोग घडविला. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढ्यावरून कावळ्याच्या वजनाचा अंदाज करू नये.

चित्रपट या माध्यमाला मात्र हे अंतर पुसून टाकण्याची उपजत सवय आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, भांडवल उभे करण्यापूर्वी, कुंडीत लावलेल्या बीजाचे ठरावीक अंतराने छायाचित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट तयार केला. आपल्या चित्रपटसृष्टीच्या उंबरठ्यावरील ही कृती शुद्ध विज्ञानाची होती. डोळ्यांना न दिसणारी वाढ तिने दृष्टीस आणून दिली. पुढे त्याच कॅमेऱ्याने ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) दाखविले, आणि प्रेक्षक पडद्यासमोर हात जोडू लागले. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) तुकोबांना विमानातून वैकुंठास नेले. तंत्र विज्ञानाचे होते, फळ भक्तीचे मिळाले. त्यात लबाडी नव्हती. पण यंत्राने दाखविलेला चमत्कार आणि यंत्राने उकललेले सत्य यांतील भेद प्रेक्षकाला कोणी सांगितला नाही.

तोच वारसा पुढील विज्ञानपटांकडे आला. शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) नायकाला अदृश्य करणारे यंत्र त्याच्या शास्त्रज्ञ पित्याने बनविलेले आहे. अदृश्य नायक हनुमानाची मूर्ती हाती घेऊन गुंडांना बडवितो, तेव्हा ते तो मार बजरंगबलीचाच समजतात. प्रेक्षक हसतो, कारण त्याला यंत्र ठाऊक आहे. या चित्रपटात एक बारकावा मोलाचा आहे: लाल प्रकाशात नायक दिसतो. चमत्काराला मर्यादा नसते, यंत्राला असते. आणि ती मर्यादा ज्याला कळली त्या कोणालाही, शत्रूलासुद्धा, ती पडताळून पाहता येते. विज्ञानाची याहून सोपी व्याख्या वर्गात करून दाखविणे कठीण आहे.

राकेश रोशन यांच्या ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) मात्र पाऊल मागे पडले. तेथे एक शास्त्रज्ञ ओंकाराच्या ध्वनीवर आधारलेले संदेश अवकाशात पाठवितो. इतर शास्त्रज्ञ त्याला हसतात, आणि परग्रहावरील यान खरोखरच येते. ज्याला हसले तोच खरा ठरला, एवढ्यावर चित्रपट समाधानी राहतो. ओंकाराऐवजी दुसरा ध्वनी पाठविला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. येथे विज्ञान श्रद्धेचे दास झाले असे नव्हे. दोघांनाही परीक्षेतून सूट मिळाली.

राजकुमार हिरानी यांच्या ‘पीके’ने (२०१४) उलट दिशा धरली. परग्रहवासी पाहुण्याचे यानाला बोलाविणारे उपकरण चोरीस जाते आणि शेवटी एका महाराजांच्या आसनाजवळ शंकराच्या डमरूचा मणी म्हणून पूजिले जाते. यंत्राची मूर्ती कशी होते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखविले असेल. नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ (२०१९) याहूनही निराळा आहे. त्यात ‘पुष्पक’ नावाच्या अवकाशयानात प्रहस्त नावाचा राक्षस नोकरी करतो. मृतांची नोंद घ्यावयाची, स्मृती पुसावयाच्या आणि त्यांना पुनर्जन्मासाठी रवाना करावयाचे, हे त्याचे काम. श्रद्धेचा सर्वांत गूढ विषय कचेरीच्या नित्य कामासारखा झाला की त्यातील एकटेपणा किती जाणवतो, हे कारकुनी करणाऱ्या कोणाही वाचकाला तेथे कळेल.

परदेशी चित्रपटांतून एकाच उदाहरणाची येथे गरज आहे. कार्ल सेगन यांच्या कादंबरीवरील ‘काँटॅक्ट’ (१९९७) या चित्रपटात पुराव्याविना काहीही न मानणाऱ्या संशोधिकेला असा अनुभव येतो, की ज्याचा पुरावा तिला देता येत नाही. तत्पूर्वी धर्मचिंतक मित्राने तिला विचारलेले असते: वडिलांवर तुझे प्रेम होते ना, मग ते सिद्ध कर. चौकशीत ती आपला अनुभव नाकारीत नाही. पण तो भ्रम असू शकेल, हेही मान्य करते. अनुभवाशी प्रामाणिक राहूनही आपण चुकत असू ही शक्यता उघडी ठेवणे, हा या दोन्ही बाजूंच्या वादातील सर्वांत अवघड आणि सर्वांत सुसंस्कृत पवित्रा होय.

हा सारा विचार खानदेशात बसून करताना दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. पहिली चाळीसगावजवळच्या पाटणची. तेथील देवीच्या मंदिरातील इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. बाजारात येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा गणिताच्या पाठशाळेकडे वळविला गेला होता. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. भास्कराचार्यांनी चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेवरून गणिले आणि पुराणातील राहूलाही त्या छायेतच आसन देऊन परंपरेचा मान राखला. गणितात मात्र त्याला लुडबुड करू दिली नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मान खाली जाते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. त्या दिवसांत अशा अफवा हातोहाती मोबाइलवरून पसरत होत्या. उपग्रह, संगणक आणि विद्युत्‌चुंबकीय लहरी यांचे शतकभराचे विज्ञान त्या हातांत होते. ‘हे खरे कशावरून?’ एवढा प्रश्न मात्र नव्हता. विज्ञानाची फळे घरोघर पोहोचली की विज्ञानदृष्टी आपोआप पोहोचते, हा आपला जुना समज त्या दिवशी पाच प्रेतांच्या साक्षीने खोटा ठरला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदविले. पण कर्तव्य नोंदविणे निराळे आणि सवय लावणे निराळे.

ती सवय कशी असते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. फलज्योतिषाची चाचणी घेण्यासाठी २००८ साली डॉ. नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी बुद्धिमान व मतिमंद अशा दोन्ही गटांतील मुलांच्या पत्रिका ज्योतिषांकडे दिल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांचा निर्णय कळविला. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर यावयाचीच. कृत्रिम पावसाच्या बाबतीत पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला हीच शिस्त पाळली. निवडलेल्या ढगांपैकी काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि तुलना केल्यावर सुमारे १८ टक्के अधिक पावसाचा निष्कर्ष मांडला. तशाच सोडलेल्या ढगांची नोंद नसती, तर शास्त्रज्ञाची फवारणी आणि गावाचा यज्ञ एकाच पंक्तीला बसले असते.

यात श्रद्धेची हानी होते असे मला वाटत नाही. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर पंढरीची दीर्घ वाट चालणारा वारकरी कोणत्याही निकालाचे श्रेय मागावयास चालत नाही. त्याच्या श्रद्धेला पुरावा मागणे हे प्रेमाला पुरावा मागण्यासारखे होईल. परंतु जी श्रद्धा रोग बरा केल्याचा, पाऊस पाडल्याचा, दारात उभा असलेला अनोळखी माणूस चोर असल्याचा दावा करते, ती हिशेबाच्या प्रांतात आलेली असते आणि तेथे तिला हिशेब द्यावाच लागेल. हाच नियम यंत्रालाही लागू आहे, आणि तज्ज्ञालाही.

शिक्षकांनी म्हणूनच विज्ञानपटाला सुटीतील करमणूक मानून सोडून देऊ नये. वर्षातून एकदा असा एखादा चित्रपट मुलांना दाखवावा आणि नंतर दोनच प्रश्न विचारावेत: जे घडले ते यामुळेच घडले, हे कशावरून? आणि काय दिसले असते, तर तुम्ही आपले मत बदलले असते? उत्तरे चुकली तरी हरकत नाही. हे प्रश्न विचारण्याची सवय लागलेला मुलगा उद्या गावाच्या चौकात, हातात मोबाइल घेऊन, कोणत्या तरी जमावाच्या कडेला उभा असेल. त्या वेळी ते प्रश्न त्याला आठवले, तर एखाद्याचे प्राण वाचतील.