टार्गेट आपले, रेटिंग कोणाचे?

आमच्या कोपरच्या अभ्यासवर्गातला एक तरुण ऐरोलीच्या एका खासगी कंपनीत आहे. यंदा त्याने वर्षभराचे टार्गेट पूर्ण केले, तरी व्हेरिएबल पे कापला गेला. अप्रेझलमध्ये शेरा होता : ‘टीममध्ये मिसळत नाही.’ कशावरून, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

मोठ्या कंपन्यांची ही रचना आपण समजून घेतली पाहिजे. पगाराचा एक भाग ठरलेला असतो, दुसरा कंपनीचा नफा, विभागाची कामगिरी आणि स्वतःचे रेटिंग यांवर ठरतो. नफा आपल्या हातात नाही. रेटिंग साहेबाच्या हातात. त्यात बेल कर्व्ह असेल, तर सगळ्यांनी उत्तम काम केले तरी काहींना खाली ढकलायचेच. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली. आपल्याकडे ती आजही अनेक ठिकाणी आहे.

‘जास्त काम, जास्त दाम, यात जात कुठे आली?’ असे आम्हाला विचारले जाते. उत्तर मुंबईच्या गिरण्यांत आहे. विणकाम खात्यात जितके कापड तितका पगार, म्हणून कमाई जास्त. पण तिथे धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरूच दिले नाही. ते कमी पगाराच्या खात्यांत अडकले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला. दर सर्वांना सारखा होता, दार मात्र बंद होते.

आज दार वेगळे आहे. मोठा क्लायंट कोणाला, परदेशी काम कोणाला, साहेबासोबत जेवायला कोण, यावरच पुढचे रेटिंग घडते. प्रत्येक कमी रेटिंगमागे जात असते, असा आमचा दावा नाही. पण निकषच लेखी नसतील, तर जात होती की नव्हती हे सिद्ध कसे होणार? त्या अंधाराचा फायदा नेहमी वरच्यालाच होतो.

म्हणून मित्रांनो, ऑफर लेटर सही करण्याआधी वाचा. ठरलेला पगार किती, ते वेगळे काढा. कामाची नोंद दर महिन्याला ठेवा. शेऱ्याचे कारण ईमेलवर मागा. आणि एकट्याने भांडू नका. १९६५ च्या कायद्याने किमान ४ टक्के बोनस हा हक्क ठरवला, पुढे तो ८.३३ टक्के झाला. त्यामागे कामगारांची संघटित लढाई होती, मालकाची मर्जी नव्हे.

बक्षीस मर्जीने मिळते. आपल्याला मोबदला हवा आहे, आणि तो मोजण्याची पट्टी उघड हवी आहे.

जय भीम!