वर्ग ‘अ’ आणि उतरलेलं शटर

सप्टेंबर महिना सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा. गुळगुळीत कागदावरचे अहवाल घरोघरी येऊन पडतात. आत अध्यक्षांचा फेटा बांधलेला फोटो असतो, दिवंगतांना श्रद्धांजली असते आणि ठळक टायपात एक ओळ असते : ‘लेखापरीक्षण वर्ग – अ’. माझ्या एका मावशीने निवृत्तीचे निम्मे पैसे या एका ओळीच्या आणि अर्धा टक्का जादा व्याजाच्या भरवशावर ठेवले होते. अहवाल तिला शेजाऱ्यांकडून वाचायला मिळायचा. तो सभासदांना जातो, आणि ती नुसती ठेवीदार.

सभासद आणि ठेवीदार यांच्यातला हा फरक आपण फारसा मनावर घेत नाही. सहकारी बँकेकडून कर्ज घ्यायचं तर शेअर घ्यावे लागतात. तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारणीला पाच टक्के, असा वर्षानुवर्षांचा नियम होता. शेअर घेतला की माणूस सभासद होतो आणि त्याला मत मिळतं. मुदत ठेव ठेवणाऱ्याला शेअर घ्यावा लागत नाही, म्हणून मतही मिळत नाही. म्हणजे ज्याचे पैसे वापरायचे तो सभेबाहेर, आणि ज्याने ते वापरायला नेले तो सभेत हात वर करून संचालक निवडणार. सगळे कर्जदार लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. पण अशा रचनेत ठेवीदाराच्या बाजूने बोलणारा एकच उरतो, तो म्हणजे नियामक.

तो नियामकही एक नाही. १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि दुहेरी नियंत्रण सुरू झालं. परवाना आणि तपासणी रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती, अवसायक नेमणं हे पुण्याच्या सहकार आयुक्तांकडे. बँकेने राज्याची हद्द ओलांडली की आयुक्तांच्या जागी दिल्लीचे केंद्रीय निबंधक. एखादी बँक बुडते तेव्हा प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापुरता कायदा असतो.

रुपी बँकेचं काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. १९१२ ची बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि परवाना गेला २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं घोंगडं भिजत राहिलं. विलीनीकरणाचे प्रस्ताव आले, गेले. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. म्हणजे बहुतेकांचे पैसे विम्यात बसणारे होते. ते एवढी वर्षं अडकले, कारण जुन्या कायद्यात परवाना रद्द झाल्याशिवाय किंवा विलीनीकरण झाल्याशिवाय विम्याचा रुपया सुटत नव्हता, आणि परवाना रद्द करण्याचं अप्रिय काम अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. निर्बंध हे ठेवीदाराच्या संरक्षणासाठी असतात असं त्या आदेशांच्या भाषेवरून वाटतं. सत्तरीतल्या माणसाला इतकी वर्षं थांबवण्याला संरक्षण म्हणायचं असेल, तर भाषेचीच तपासणी करायला हवी.

अप्रिय काम अंगावर घेतल्याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं. मुख्यमंत्री होते पृथ्वीराज चव्हाण आणि त्या मंडळात जवळजवळ सगळ्या पक्षांची माणसं बसलेली. रिझर्व्ह बँकेने लेखी मागणी केली की निबंधकाने मंडळ हटवायचं, ही तरतूद सहकार कायद्यात आधीपासूनच होती. ती एवढ्या मोठ्या बँकेवर वापरण्याची हिंमत दोन कार्यालयांनी एकाच वेळी दाखवली, इतकंच. ती बँक आज नफ्यात आहे. (प्रशासकांचा मुक्काम तिथे पुढे दशकभर हलला नाही, ही गोष्ट वेगळी.)

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, बुडाल्यानंतर मात्र कायदा खरोखर हलला. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर अडकली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली, व्याजासकट आणि त्या बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर थेट अधिकार मिळाले. २०२१ पासून निर्बंध लागल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायची सोय झाली. हे तिन्ही बदल मोलाचे आहेत, पण विम्याच्या दोन्ही बदलांचं काम शटर उतरल्यावर सुरू होतं.

शटर उतरण्याआधीचं काय? पीएमसीच्या मार्च २०१९ अखेरच्या अहवालात ढोबळ एनपीए ३.७६ टक्के होता. छान आकडा. सहा महिन्यांनी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ठेवीदारांना कळलं की पुढच्या सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढता येतील, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला गेलं आहे.

तपासणीत नियामकाला काय दिसलं हे ठेवीदाराला कळावं का, हा वाद जुना आहे. गुजरातमधल्या एका सहकारी बँकेबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज झाला. तो जयंतीलाल मिस्त्री खटला डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालय म्हणालं, रिझर्व्ह बँकेचं बँकांशी विश्वस्ताचं नातं नाही, तपासणी अहवाल द्या. त्यावर रिझर्व्ह बँकेने आपल्या माहिती-धोरणातच अपवाद घालून ठेवले. ते मागे घ्या, असं न्यायालयाला एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. पीएमसीचं शटर त्यानंतर पाच महिन्यांनी उतरलं.

अहवाल उघड केला तर लोक घाबरून रांगा लावतील, हे गुप्ततेच्या बाजूचं नेहमीचं उत्तर. ते अगदीच खोटं नाही. अफवेने चांगली बँकही आडवी होऊ शकते. पण गुप्ततेने रांग टळत नाही. ती निर्बंधांच्या दुसऱ्या दिवशी लागते, आणि तोवर आतल्या गोटातल्यांनी आपापलं काढून घेतलेलं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या बँकेवर सुधारणेची कारवाई झाली तर तिला ते बाजाराला कळवावं लागतं. सहकारी बँकेचा शेअर बाजारात नाही. एप्रिल २०२५ पासून नागरी सहकारी बँकांसाठी अशा कारवाईची नवी चौकट आली आहे. तिचा कागद कुठल्या शाखेच्या दारावर लागलेला मी अजून पाहिलेला नाही. तो लागला पाहिजे, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. सहकार आयुक्तांनीही ८३ ची चौकशी लावली की त्याच दारावर दुसरा कागद लावावा. त्याला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. आयुक्ताने आणि गव्हर्नराने ठरवलं पाहिजे. ठेवीदारांनी निवडलेला एक तरी संचालक मंडळात बसवायचा असेल तर मात्र कायदा लागेल, आणि तो मुद्दा विधानसभेत मांडणाऱ्या आमदाराची मी वाट पाहतो आहे.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरचे निर्बंध १३ फेब्रुवारी २०२५ रोजी कामकाज संपल्यापासून लागू झाले. पुढे तिजोरीतून १२२ कोटी गेल्याचं बाहेर आलं. त्या गुरुवारी दुपारी एखादी मावशी मुदत ठेव ठेवायला गेली असती, तर काउंटरवरच्या माणसाने पावती फाडून, शिक्का मारून तिच्या हातात दिली असती.